सूड घेण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी

तोंडाला फडके बांधून रात्री-अपरात्री गुंडांना झोडपत फिरणारा नायक मुंबईत चालतो, न्यूयॉर्कमध्ये चालतो, चेन्नईतही चालतो. बारामतीत तो भिगवण चौकसुद्धा ओलांडणार नाही. टपरीवर चहा पीत उभा असलेला पहिलाच माणूस विचारील, "काय रं, तू तात्यांचा धाकटा ना? दाढ काढली का काय?" दुसरा त्याला चालीवरून ओळखील, तिसरा मोटारसायकलच्या आवाजावरून. पोरगा इंदापूरच्या रस्त्याला लागून निमगाव केतकीला पोचायच्या आत त्याच्या मामाला फोन गेलेला असेल, "भाचं तुमचं रातच्याला काठी घेऊन फिरतंय. यंदा लग्नाचं बघा."

शिवारात तर आणखी पंचाईत. सूडपटातली रात्र निर्मनुष्य असते. लांब कुठे कुत्रे भुंकते, एखादा दिवा मिणमिणतो आणि नायक भिंतीच्या कडेने सरकत जातो. आमच्याकडे शेतीपंपाच्या विजेची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. त्यामुळे दोन वाजता अर्धे गाव बॅटरी आणि खोरे घेऊन उसात दारे धरत उभे. खलनायकाच्या मागे धावणाऱ्याला चार बांधांवर थांबून "लाइट आली का तिकडं?" याचे उत्तर द्यावे लागेल. पाचव्या बांधावर त्यालाच कोणीतरी म्हणेल, "मोकळाच हायस तर तेवढं दारं मोड की."

एवढे असूनही बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत सूडपटावर जीव ओवाळून टाकणाऱ्यांची कमी नाही. यात्रेतल्या तंबूत खाली मातीत बसून पाहिले, मग व्हिडिओवर पाहिले, मग केबलवर, आता मोबाइलवर. दाखवणारा गंभीर, पाहणाराही गंभीर, आणि तरी अगदी नेमक्या जागी सगळ्यांना हसू फुटते. ते का फुटते, याचा उलगडा मला आमच्या आळीतल्या एका निवृत्त तलाठ्यांमुळे झाला. अलीकडे सरकारने तलाठ्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले, पण आळी त्यांना भाऊसाहेबच म्हणते. भाऊसाहेब सिनेमातली मारामारी बघत नाहीत. मारामारी सुरू झाली की ते पान लावायला घेतात. त्यांचे लक्ष कागदावर असते, आणि सूडपटात नेमका कागदच नसतो.

उदाहरणार्थ 'लय भारी'. २०१४ च्या आषाढात आलेला, निशिकांत कामतांचा, रितेश देशमुखचा सिनेमा. तुकोबांची पालखी आमच्या दोन्ही तालुक्यांतून पुढे गेली होती आणि पाठोपाठ पडद्यावर पंढरपूरचा माउली आला. गावोगावच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोष्ट अशी, की नवसाप्रमाणे जुळ्यातला एक मुलगा विठ्ठलाच्या पायाशी सोडलेला, दुसरा वाड्यात वाढलेला. इस्टेटीवर डोळा ठेवून चुलतभाऊ वाड्यातल्याला संपवतो आणि पंढरपूरचा भाऊ येऊन सूड घेतो. पोरे खुर्चीवर उभी राहिली, तेव्हा भाऊसाहेब एवढेच म्हणाले, "दुसरा पोरगा जिवंत हाय तर वारसनोंद कुठंय त्येची?" मी म्हटले, अहो भाऊसाहेब, तो माउली आहे. ते म्हणाले, "असू दे की. फेरफारावर कुनाचीबी सही लागतीच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा भाऊबंदकीचाच सिनेमा होता. आपल्याकडे दर दोन घरांआड चालू असलेले प्रकरण, फक्त कॅमेऱ्याने ते हळू गतीत दाखवले आणि मागे ढोल वाजवले. खऱ्या आयुष्यात ज्या गोष्टीला पंचवीस वर्षे लागतात, ती सिनेमा अडीच तासांत उरकतो. जिथे जिथे तो घाई करतो, तिथे तिथे ती पंचवीस वर्षे भोगलेला माणूस हसतो.

'शहेनशाह' घ्या, १९८८ चा. दिवसा पान चघळणारा, भित्रा, लाचखाऊ फौजदार, आणि रात्री काळ्या कातड्याचा पोशाख, हाताला पोलादी बाही, गळफासाचा दोर. अख्ख्या शहरात कोणालाही संशय येत नाही. उंची अमिताभ बच्चनची, आवाजही अमिताभ बच्चनचा. आमच्याकडे लाउडस्पीकरवर नुसते "हॅलो, हॅलो" झाले तरी कोणत्या गटाचा कार्यकर्ता बोलतोय ते बायाबापड्या चुलीपाशी बसून सांगतात. शेवटी तर खलनायकाला न्यायाधीशांसमोर, कोर्टाच्याच छताखाली फाशी. अमरीश पुरी वर लटकलेले आणि भाऊसाहेब खाली अस्वस्थ. "पंचनामा कोन करनार? आनि छत पीडब्ल्यूडीचं हाय. त्येंचा ना हरकत दाखला?"

'अंधा कानून' मात्र भाऊसाहेबांनाही चकवून गेला होता. १९८३ चा हा सिनेमा, रजनीकांतचा हिंदीतला पहिला. त्यात अमिताभने रंगवलेला वनाधिकारी न केलेल्या खुनाची शिक्षा भोगून येतो, मेलेला माणूस जिवंत असल्याचे त्याला कळते, आणि तो भर कोर्टात त्याला ठार मारतो. वर म्हणतो, याची शिक्षा मी आधीच भोगली आहे. कायद्याला हे मान्य नाही, नवा खून तो नवा गुन्हा. पण पारावरच्या विधिज्ञांनी हा सिनेमा भारतीय दंड संहितेच्या जोडीने वाचला. कित्येक वर्षे आमच्याकडे "अमिताभच्या केसमध्ये तसं झालंय" असा दाखला दिला जाई. एका चुलत्याने तर त्याच्या बळावर, बांध कोरल्याचा दंड एकदा भरला आहे तेव्हा आता कोरायला मोकळा आहे, असा युक्तिवाद केला.

बांध कोरणे ही या भागातली सर्वांत संयमी हिंसा आहे. नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला नुसती मान हलवायची, तो एक तास बांधात घालतो. यंदा वीतभर, पुढच्या वर्षी वीतभर. दहा-बारा वर्षांत बांध सरकत सरकत शेजाऱ्याच्या विहिरीची चौकशी करायला येतो. मग मोजणीचा अर्ज. मोजणीत साधी, तातडीची आणि अतितातडीची असे प्रकार वर्षानुवर्षे होते, आणि अतितातडीच्या मोजणीलाही माणूस सावकाश येई. आल्यावर ज्याच्या विरुद्ध निघाले, तो म्हणणार, मोजणी मान्य नाही. रस्ता अडवला की तहसीलदारांपुढे, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. निकाल आला की प्रांताकडे अपील. दरम्यान दोन्ही घरांतल्या पोरांची लग्ने होतात. पत्रिका एकमेकांना जातेच, फक्त पाकिटावर हळदकुंकू नसते. आणि 'सहकुटुंब' हा शब्द खोडलेला असतो.

असा सूड पडद्यावर दाखवायला कोणाची छाती नाही. कारण यात नायकाने करायचे काय, तर तारखेला हजर राहायचे. बारामतीच्या कोर्टात जिन्यावर उभे राहून वकील आले का पाहायचे, नसले तर कँटीनमध्ये वडा खायचा, तिथेच विरोधी पार्टी बसलेली असते. तिच्याकडे मीठ मागावे लागते. मारामारीचे दिग्दर्शन करणारा माणूस या दृश्यात काय करणार?

उसाच्या पट्ट्यात आणखी हत्यारे आहेत. सिनेमावाल्यांना कोयता फार आवडतो. तो चमकतो, संगीत थरथरते आणि कोणीतरी किंचाळते. आमच्याकडे गाळपाच्या दिवसांत पहाटे रस्त्याने कोयतेच कोयते जात असतात, पोरेबाळे आणि भांडीकुंडी घेऊन, उसाच्या फडाकडे. बीड-नगरकडून आलेली ही कष्टाची माणसे. त्यांना पाहून कोणी घाबरत नाही. घाबरतो तो ऊसवाला शेतकरी, आणि तोही एवढ्यासाठीच की टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एन्ट्री, हे सगळे धरून एकरी पडणार किती? आणि टोळी येणार कधी? लागणीच्या तारखेप्रमाणे तोड यायला हवी, ती आलीच नाही, शेजारचा फड गेला आणि आपल्या उसाला तुरे आले, वजन घटले, तर माणूस कोणाचाही कोयता न दाखवता कळून चुकतो की मागच्या निवडणुकीत आपले पॅनेल चुकले. कारखान्याची निवडणूक पाच वर्षांनी. तोवर तो नायक गप्प. मतदानाच्या दिवशी पांढरा सदरा घालून येतो, सगळ्यांना रामराम करतो, मतपत्रिकेवर शिक्का मारतो आणि घरी जाऊन जेवतो. हा आमचा क्लायमॅक्स.

अशा प्रेक्षकापुढे १९९३ चा 'तिरंगा' आला. राजकुमार ब्रिगेडियर, नाना पाटेकर इन्स्पेक्टर, आणि प्रलयनाथ गेंडास्वामी या नावाचा खलनायक झालेले आपले दीपक शिर्के. देशावर क्षेपणास्त्रे डागायची सगळी तयारी झालेली. आणि ती डागली जात नाहीत, कारण आतले फ्यूज कंडक्टर राजकुमारने आधीच काढून नेलेले. मुंबईतला प्रेक्षक या जागी टाळ्या वाजवत असेल. आमच्याकडचा विचारात पडला. फ्यूज गेला तर त्यात अडकण्यासारखे काय आहे? डीपीवरचा फ्यूज महिन्यातून चारदा जातो. वायरमनची वाट बघणारा शेतकरी अजून जन्मायचा आहे. कोरडी काठी, तांब्याची तार, पायात रबरी चप्पल, एवढ्यावर अंधारात काम होते. (हे करू नये. यात माणसे मरतात. पण होते.) गेंडास्वामीच्या टोळीत इंदापूरचा एक बागायतदार असता, तर देशाचे काही खरे नव्हते.

गंमत म्हणजे त्याच १९९३ मध्ये महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि सूड घेत सुटतो. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, रामदास पाध्यांचा बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डे. हसवण्यासाठी काढलेला सिनेमा. आणि माझ्या पिढीतली निम्मी पोरे तो पाहून आठवडाभर परसात एकटी गेली नाहीत. गंभीर 'तिरंगा'ला आम्ही पोट धरून हसलो, विनोदी 'झपाटलेला'ने आमची झोप उडवली. कोठाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, की खलनायकाचे नाव तात्या विंचू किंवा, त्यांच्याच दुसऱ्या सिनेमातल्यासारखे, कवट्या महाकाळ ठेवले की लोकांनी हसायचे ते आधीच हसून घेतलेले असते. मग त्यांना घाबरवता येते.

हे शहाणपण तमाशाला तर फार आधीपासून होते. यात्रेत मध्यरात्रीनंतर वग लागायचा. त्यात विष, खून, बेइमानी, सगळे. कवलापूरच्या काळू-बाळूंचा 'जहरी प्याला' नावापासूनच जिवावर उठलेला, आणि त्यात हे जुळे भाऊ हवालदार. गुन्हा पुरेसा काळाकुट्ट झाला की हवालदारांची जोडी येऊन तपास सुरू करायची आणि पब्लिक लोळायचे. हसू कुठे फुटणार हे फडाने ठरवलेले असे, प्रेक्षकावर सोडलेले नसे. हिंदी सूडपटाने हवालदाराला शेवटी, सगळे संपल्यावर सायरन वाजवत यायला लावले आणि हसवायचे काम गंभीर माणसांच्या गळ्यात पडले.

कांती शाह यांच्या १९९८ च्या 'गुंडा'त हे काम खलनायकांनी फार मनावर घेतले. प्रत्येक जण आला की यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो. इतर गावांत लोक हे बघून वेडे झाले. बारामतीकर शांत राहिला, कारण त्याच्या गावात मोरोपंत राहून गेले. १७२९ ते १७९४ या आयुष्यात पंतांनी १०८ रामायणे रचली म्हणतात. त्यातले एक असे, की ओठ ओठाला लागेल असे एकही अक्षर त्यात नाही. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने असले प्रकार झाल्यावर, गुंडाने 'ल'ला 'ल' जुळवला याचे कौतुक आम्ही काय करावे?

परदेशी सूडपटात यमक नसते, पण बाकीचे दुखणे तेच. या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९७४ चा 'डेथ विश'. चार्ल्स ब्रॉन्सनचा वास्तुविशारद पत्नीच्या खुनानंतर न्यूयॉर्कात रात्री पिस्तूल घेऊन फिरतो. आपल्याकडे त्याच बेताचा 'आज की आवाज' १९८४ मध्ये आला, राज बब्बर आणि स्मिता पाटील यांचा. मूळ कादंबरी १९७२ ची, ब्रायन गारफिल्ड यांची, आणि तिच्यात नायक हिशेबनीस होता. भाऊसाहेबांना हे सांगितल्यावर ते हळहळले. "हिशेबनीसच ठेवायचा की! गोळ्यांच्या पावत्या तरी ऱ्हाईल्या असत्या." गारफिल्डनाही सिनेमा रुचला नव्हता. सूड घेणाऱ्याचा असा उदोउदो झालेला पाहून त्यांनी पुढच्याच वर्षी दुसरी कादंबरी लिहिली. सिनेमावाल्यांनी मात्र पाच भाग काढले. तिसऱ्यात ब्रॉन्सन टपालाने आलेले पिस्तूल सोडवून आणतो आणि शेवटी एका खोलीत, चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसावर रॉकेट सोडतो. समोरची भिंत त्या माणसासकट जाते, ब्रॉन्सनचा कोट मळत नाही. पाचव्या भागापर्यंत, म्हणजे १९९४ ला, त्याने सत्तरी ओलांडली होती. आमच्याकडे या वयाला माणूस पतसंस्थेचा चेअरमन होतो आणि सगळे जुने हिशेब कर्जाच्या अर्जावर चुकते करतो.

मराठीत या वाटेने नीट गेला तो 'डोंबिवली फास्ट', २००५ चा, पुन्हा निशिकांत कामतांचाच. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे बँकेत नोकरी करणारा, सरळ, नियमाने चालणारा. एक दिवस तो क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर पडतो. तो हास्यास्पद होत नाही, कारण त्याला काहीच जमत नसते. तो दमतो, घाबरतो, बायकोला त्याची काळजी वाटते. पोशाख नाही, यमक नाही. त्याच वर्षीच्या तमिळ 'अन्नियन'चा, टीव्हीवर लागून लागून पाठ झालेल्या 'अपरिचित'चा नायकही नियमवाला, पण तो गरुडपुराणातल्या शिक्षा अमलात आणतो. रेल्वेत भिकार जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराला तो उकळत्या तेलात घालतो. आमच्या घरी हे दृश्य सुरू असताना आई शांतपणे म्हणाली, "एवढं तेल? कितीचा डबा झाला आता?" शंकरसारख्या दिग्दर्शकाने कोट्यवधी रुपये ओतून उभा केलेला नरक एका प्रश्नात गार पडला.

सगळेच हसण्यावारी नेता येत नाही. इंदापूरहून उजनीचे पाणी ओलांडून बोटीने पलीकडे गेले की करमाळा तालुका. नागराज मंजुळे यांनी तिथे 'सैराट' केला, २०१६ साली. पोरांनी दोन तास 'झिंगाट' नाच केला. आणि शेवटी माहेरची माणसे पिशव्या घेऊन घरी येतात, चहा होतो. कोणी आरडाओरडा करत नाही, यमक जुळवत नाही, कोणाच्या हाताला पोलादी बाही नाही. आवाजच बंद होतो. मी तो जिथे पाहिला तिथे हसणे सोडा, दिवे लागल्यावरही कोणी उठेना. सूड घेणारे लोक ओळखीचे होते, हे त्याचे कारण. ते आपल्याच लग्नात वाढायला असतात. बाहेर पडताना भाऊसाहेबांनी एकही हरकत काढली नाही.

पोलीसवाला सूडपट म्हणजे 'सिंघम' वगैरे. त्यात प्रेक्षक नायकाबरोबर इतका धावतो की कोर्ट हा अडथळा वाटू लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका कार्यक्रमात यावरच बोलले. कायद्याची रीत सोडून झटपट न्याय देणारा पोलीस दाखवणे घातक आहे, असे त्यांनी सुनावले, आणि सिनेमातले न्यायाधीश भित्रे, जाड भिंगांचे आणि गबाळ्या कपड्यांतले का असतात, अशीही तक्रार केली. मला त्यांचे म्हणणे पटते. 'सिंघम' मी तरीही टीव्हीवर लागला की पाहतो. बाजीराव सिंघमने गाडी उडवली की माझाही हात मांडीवर पडतो. मात्र तो आमच्या तालुक्यात बदलून आला, तर पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे दोन भाऊ, एक बांध आणि पाच किलो कागद येतील, हेही मला दिसत असते. त्यात कोणाला उचलून आपटावे हे त्याला कळणार नाही. दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

तेव्हा निर्मात्यांना विनंती, की पुढच्या सूडपटात एक तलाठी घ्या. पाहिजे तर आमचे भाऊसाहेब मानधनाशिवाय येतील. नायकाने डरकाळी फोडली की ते चष्मा वर करून विचारतील, "गट नंबर?" आणि शेवटच्या मारामारीला पैसे कमी पडत असतील तर सरकारने २०२३ च्या जानेवारीत आणलेली सलोखा योजना वापरा. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, आणि हे किमान बारा वर्षे चाललेले असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करायचा. पंचनामा तलाठी आणि मंडळ अधिकारी करतात. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये.